हॅलोवीन असो की शाळेची वेशभूषा स्पर्धा: मुलांसाठी सोंग कसं निवडायचं, घरी कसं बनवायचं?

रात्री साडेनऊला शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज येतो, ‘शुक्रवारी फॅन्सी ड्रेस, विषय हॅलोवीन.’ मग सुरू होते धावपळ. ऑनलाइन मागवलेला ड्रेस वेळेत येईल का? भाड्याने मिळेल का? की घरातच काहीतरी जमवायचं? पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये दिसणारा हा प्रकार आता सांगलीला लागून असलेल्या माधवनगरसारख्या गावातल्या पालकांनाही नवा राहिलेला नाही.

हॅलोवीन साजरा करावा की नाही, यावर दरवर्षी सोशल मीडियावर वाद होतो. पण मूल स्टेजवर जाणारच असेल, तर खरे प्रश्न वेगळे आहेत. सोंग ओळखू येईल का? मुलाला ते झेपेल का? आणि ते सुरक्षित आहे का?

हॅलोवीन म्हणजे नेमकं काय?

१ नोव्हेंबरला ख्रिश्चन परंपरेत सर्व संतांचा दिवस असतो. त्याची आदली संध्याकाळ, म्हणजे ३१ ऑक्टोबर, हा हॅलोवीन. त्याचं नातं आयर्लंड आणि स्कॉटलंडमधल्या ‘साविन’ या हिवाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या जुन्या सणाशी जोडलं जातं. तिकडे सलगमसारखे कंद कोरून दिवे करत. स्थलांतरितांबरोबर ही प्रथा अमेरिकेत गेली आणि कंदाच्या जागी भोपळा आला. वेश बदलून घरोघरी जायचं आणि खाऊ मागायचा, हा त्याचा मुलांना सर्वात आवडणारा भाग.

आपल्याकडे हे नवीन आहे का?

नाव नवीन आहे, सोंग नाही. कोकणात शिमग्याला शंकासुर नाचतो. पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात देव-दानवांचे मुखवटे निघतात. गोव्यात नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री नरकासुराचे पुतळे उभे राहतात. दारात पोलिसाच्या वेशात येऊन ‘वॉरंट आहे’ म्हणत घाबरवणारा आणि शेवटी हसवणारा बहुरूपी तर अनेकांनी लहानपणी पाहिलेला असतो.

सांगलीचं नातं त्याहून घट्ट आहे. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना तसंच मराठीत काहीतरी करायला सांगितलं. त्यातून १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ हे नाटक उभं राहिलं. त्या काळच्या पौराणिक नाटकांमधले राक्षस आरडाओरडा करत रंगमंचावर यायचे, म्हणून अशा नाटकांना पुढे ‘अललडुर्र’ असं गमतीचं नावच पडलं. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन त्याच नाटकाची आठवण आहे. म्हणजे हॅलोवीननंतर बरोबर पाच दिवसांनी.

सोंग निवडताना काय बघायचं?

बहुरूप्याकडे मोठा मेकअप नसतो. खाकी कपडे, हातात काठी, एक कागद आणि आवाजातला रुबाब एवढ्यावर त्याचं काम होतं. मुलांच्या वेशालाही हाच नियम लागू पडतो. सोंगाची एक ठळक खूण असावी, बाकी कपडे साधे चालतात.

- चेटकीण: काळी टोकदार टोपी
- वासुदेव: मोरपिसांची टोपी आणि चिपळ्या
- लोकमान्य टिळक: लाल पगडी, उपरणं आणि मिशा
- सावित्रीबाई फुले: कपाळावर आडवी चिरी आणि हातात पुस्तक

दुसरी गोष्ट म्हणजे मुलाला विचारा. जे पात्र त्याला माहीतच नाही, त्याचे कपडे घालून ते स्टेजवर गप्प उभं राहतं. आवडीचं पात्र असेल तर एक वाक्य तरी मनापासून बोलतं.

एकाच टोपीत दोन सोंगं

जाड कार्डपेपरवर ३५ सेंटिमीटर त्रिज्येचं पाव वर्तुळ आखून कापा. दोन्ही सरळ कडा एकमेकींवर साधारण ३ सेंटिमीटर चढवून चिकटवा. सुमारे ५२ सेंटिमीटर घेराची उंच टोपी तयार होते. मुलाच्या डोक्याचा घेर आधी टेपने मोजा आणि त्याप्रमाणे कडा कमी-जास्त चढवा. हनुवटीखाली बांधायला मऊ नाडी लावा.

काळा कागद लावून खाली गोल काठ जोडला की चेटकीण. हिरव्या-निळ्या कागदाची पिसं कापून चिकटवली की वासुदेव. चेटकिणीसाठी जुनी काळी ओढणी खांद्यावरून पुरते. वासुदेवासाठी घोळदार झगा, खांद्याला झोळी आणि घरातले टाळ चालतात.

भूत करायचं असेल तर डोक्यावरून पांढरी चादर घालू नका. तिची भोकं सरकतात आणि मुलाला पायरी दिसत नाही. चादर खांद्यापासून खाली सोडा आणि तोंड मोकळं ठेवा.

सर्वात मोठा धोका: आग

हॅलोवीन दिवाळीच्या आसपास येतो. २०२४ मध्ये तर ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी होती. म्हणजे अंगणात पणत्या, फुलबाज्या आणि त्यातच घोळदार पोशाखातली मुलं.

२०१४ च्या हॅलोवीनला ब्रिटनमधल्या टीव्ही निवेदिका क्लॉडिया विंकलमन यांच्या मुलीचा चेटकिणीचा पोशाख मेणबत्तीने पेटला आणि ती गंभीर भाजली. तिथे असे पोशाख ‘खेळणी’ या वर्गात मोडतात, त्यामुळे आगीबाबतचे त्यांचे नियम मुलांच्या रात्रीच्या कपड्यांपेक्षा सैल होते, हे त्यानंतर चर्चेत आलं.

कापडाबाबत एक गैरसमज आहे, की सुती म्हणजे सुरक्षित. पातळ, सैल विणीचं सुती कापडही पटकन पेटतं. नायलॉन आणि पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतात. कापसाच्या दाढी-मिशा तर क्षणात पेट घेतात, त्याऐवजी काजळाने रेखाटा. जाड, घट्ट विणीचं आणि अंगाबरोबर बसणारं कापड त्यातल्या त्यात बरं. पण खरा उपाय एकच: वेशातल्या मुलाला पणती, मेणबत्ती आणि फटाक्यांपासून लांब ठेवणं.

कपडे पेटलेच तर पळू नये. थांबायचं, जमिनीवर झोपायचं, लोळायचं. हे मुलाकडून आधी एकदा करून घ्या. भाजलेल्या जागेवर २० मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नका, चिकटलेलं कापड ओढू नका आणि लगेच डॉक्टरांकडे न्या.

रंग, लेन्स आणि मुखवटे

चेहऱ्याचा रंग आदल्या दिवशी मनगटावर थोडा लावून पाहा. खाज किंवा लाली आली तर वापरू नका. रंगपेटीतले पोस्टर कलर चेहऱ्यासाठी नसतात. डोळे भयानक दिसावेत म्हणून मिळणाऱ्या रंगीत लेन्स डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय मुलांना घालू नका, डोळ्याला इजा आणि संसर्ग होऊ शकतो. मुखवटा असेल तर तो फक्त स्टेजवर घालावा.

कोणाचं सोंग टाळावं?

राक्षस, भूत, भाजीवाली, डॉक्टर ही पात्रं आहेत. पण एखाद्याची जात, कातडीचा रंग किंवा अपंगत्व हे पात्र नाही. चेहरा काळा फासून ‘आदिवासी’ करायचा किंवा लंगडत चालून हशा मिळवायचा, हे त्याच वर्गात बसलेल्या दुसऱ्या मुलाला लागू शकतं. स्वतःला एकच प्रश्न विचारा: ज्याचं सोंग आहे तो समोर बसला असता, तर त्यालाही हसू आलं असतं का?

आदल्या रात्रीची तालीम

संपूर्ण वेश चढवून मुलाला खाली बसायला, जिना चढायला आणि हात वर करायला सांगा. एकट्याने बाथरूमला जाता येतं का तेही बघा. जिथे अडेल तिथे पोशाख कापा, टाचा किंवा काढून टाका. टोपी राहिली तरी सोंग ओळखू येतं.