अविंध शेख महंमद आणि ‘सगळं एकच’ म्हणण्याची घाई

जीव आणि ईश्वर एकच असं सगळे धर्म शेवटी सांगतात, या वाक्यावर आपण मान डोलावतो आणि पुढं जातो. आज जरा थांबू. आपल्या भाईंदरातच पाहा ना. देरासरात जाणारा जैन आत्म्यालाच परमात्मा मानतो. पण त्याच्या मते मुक्त जीव अनेक, प्रत्येक वेगळा, आणि जग निर्माण करणारा ईश्वर नाहीच. उत्तनचा ख्रिस्ती कोळी देवाची जवळीक मागतो, देव होणं मागत नाही. अद्वैती म्हणतो, दोन कधी नव्हतेच. सूफी म्हणतो, ‘मी’ विरला की उरतो तो अल्लाहच. ही चार उत्तरं आहेत, एक नव्हे.

मग ती एकमेकांशी बोलली कशी? त्यासाठी आपण श्रीगोंद्याला जाऊ.

सतराव्या शतकात तिथं शेख महंमद होऊन गेले. ‘योगसंग्राम’ हा त्यांचा अठरा प्रसंगांचा ओवीबद्ध ग्रंथ. नावातच युद्ध आहे: लढणारा आत्मा, शत्रू काम-क्रोध-अहंकार. भाषा वेदान्ताची. परंपरा सांगते की त्यांचे गुरू चांद बोधले. आणि एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी, तेही चांद बोधल्यांचेच शिष्य. म्हणजे नाथ आणि शेख एकाच झाडाच्या फांद्या झाल्या! पण शेख महंमद स्वतःला म्हणवतात ‘अविंध’. ज्याचे कान टोचलेले नाहीत तो, म्हणजे मुसलमान. ब्रह्म सांगताना त्यांनी नाव बदललं नाही. आम्हाला हा शब्द त्यांच्या सगळ्या तत्त्वज्ञानाइतकाच मोलाचा वाटतो.

याउलट फादर स्टीफन्सचं. त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं. (रायतूर साष्टीतलं, पण ती गोव्याची साष्टी, आपण बसलोय ती ठाण्याकडची.) सुमारे अकरा हजार ओव्या, स्वर्गाला शब्द ‘वैकुंठ’. कानाला सगळं आपलंच वाटतं. पण गोष्ट कोणती सांगतात? आदाम-एवेची. आणि त्या गोष्टीत सापाचं आमिषच हे की फळ खाल तर देवासारखे व्हाल. वेदान्ती ज्याला मोक्ष म्हणेल, त्याची नुसती हाव इथं पहिलं पाप ठरते. ओवी तीच, पण आशय पार उलटा. शब्द सारखे दिसले म्हणून मत सारखं धरायचं नाही, ते यासाठी.

हे बोलणं स्वस्त नव्हतं. इ.स. ९२२ मध्ये बगदादेत हल्लाजला देहदंड झाला. त्यात राजकारण होतंच, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते त्यानं स्वतःला ‘सत्य’ म्हणवणं. जर्मनीच्या एकहार्टची अठ्ठावीस वचनं पोपनं १३२९ मध्ये, तो वारल्यावर, आक्षेपार्ह ठरवली.

श्रीगोंद्यात असं का घडलं नाही? आम्हाला वाटतं, मराठीत ही वाट आधीच मळलेली होती. मुकुंदराज झाले, १२९० ची ज्ञानेश्वरी झाली. जीव-शिव ऐक्य ऐकून इथं कुणी दचकत नव्हतं. शिवाय मत तपासून शिक्षा देणारं एकच पीठ आपल्याकडं नव्हतं. एक प्रश्न तेवढा शेखांच्या मागं लागला, तो अजून सुटलेला नाही: हा माणूस हिंदू की मुसलमान? दोन्हीकडची माणसं त्यांच्या समाधीवर डोकं टेकवतात आणि बाहेर येऊन हेच विचारतात. उत्तर ग्रंथात त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, एका शब्दात.