खुब्यातली वाटी

गेल्या रविवारी माझा एक जुना विद्यार्थी पिंपळे सौदागरच्या घरी आला. जिना चढताना कठडा धरत होता. वय अवघे ४२, नोकरी चाकणला. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड खचलेले. सांधा बदलायचा ठरलाय. म्हणाला, "सर, डॉक्टर म्हणतात गोळा-वाटीचे दोन-तीन प्रकार आहेत. काय बघून ठरवू?"

आता मी इतिहासाचा मास्तर. सल्ला देणे माझे काम नव्हे. पण गोष्ट सांगता येते, ती सांगितली.

इंग्लंडात जॉन चार्नली नावाचे सर्जन होते. त्यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस धातूचा गोळा आणि टेफ्लॉनची वाटी वापरली. पहिली काही वर्षे रुग्ण खूष होते. मग वाटी झिजली, कणांभोवती गाठी झाल्या आणि शेकडो शस्त्रक्रिया पुन्हा कराव्या लागल्या. १९६२ साली गिरणीच्या यंत्रांसाठी दातेरी चाके विकणाऱ्या एका विक्रेत्याने वेगळ्या प्लास्टिकचा, पॉलिइथिलीनचा तुकडा आणला. चार्नलींना त्यात रस वाटला नाही. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र तो घर्षणयंत्रावर लावून ठेवला. टेफ्लॉन एका दिवसात जेवढे झिजे, तेवढे हे तीन आठवड्यांतही झिजले नाही! त्याच नोव्हेंबरपासून ती वाटी माणसांना बसू लागली.

पण ही सोय म्हाताऱ्यांना पुरणारी होती. माणूस वर्षाला लाखो पावले टाकतो, तरुण त्याहून जास्त. प्लास्टिकचे सूक्ष्म कण सुटतात, शरीरातल्या पेशी ते गिळू पाहतात आणि त्या झटापटीत भोवतालचे हाडच विरघळते. सांधा मग सैल होतो.

म्हणून तरुणांसाठी धातूवर धातूची जोडी पुन्हा पुढे आली. एएसआर नावाचा असा सांधा कंपनीने ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला. कोबाल्ट व क्रोमियम रक्तात उतरत होते. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. केंद्र सरकारने २०१७ साली समिती नेमली, भरपाईचे सूत्र २०१८ मध्ये ठरले. पण हजारो रुग्णांचा पत्ताच लागला नाही.

दरम्यान १९९० च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्साराने साखळ्या एकमेकींत गुंतवलेले पॉलिइथिलीन आले. ते फारच कमी झिजते. सिरॅमिकवर सिरॅमिक तर सर्वांत कमी झिजते. मात्र क्वचित तडकते, कधी करकरते.

पोरगा कारखान्यातला. चटकन म्हणाला, "म्हणजे सर, बेअरिंगसारखंच. नवं आहे म्हणून चांगलं नाही, किती वर्षं चाललंय ते बघायचं."

बरोबर ओळखलेस, म्हटले. डॉक्टरांना तेच विचार: या जोडीचा दहा-पंधरा वर्षांचा अनुभव काय? आणि शस्त्रक्रियेनंतर सांध्याच्या खोक्यावरचे लेबल मागून घे. नाव, क्रमांक, तारीख जपून ठेव. उद्या काही निघाले तर तुझा पत्ता लागला पाहिजे.

त्याने ते माझ्यासमोरच वहीत लिहून घेतले. शाळेत असताना कधी लिहून घेत नसे!