तलवारीकडून तंबोऱ्याकडे

आपल्याकडे गाण्याच्या क्लासात आता तंबोरा मोबाईलवर वाजतो. खरा तंबोरा मिरजेचा. तिथले शिकलगार मुळात तलवारींना धार लावणारे. इंग्रजी अमलात हत्यारांचं काम बसलं, तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगार वाद्यदुरुस्तीकडे वळले आणि पुढे सतार-तंबोरे स्वतःच घडवू लागले. पटवर्धन संस्थानिकांनी आश्रय दिला. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, नीट सुकवलेला. सगळ्यात अवघड जवारी: घोडी इतकी बारीक घासायची की तार गुंजली पाहिजे. तिथे फूटपट्टी चालत नाही, कानच लागतो. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. बरं झालं, पण खरा सांगूचा तर, कागदापेक्षा गिऱ्हाईक हवं. आपल्या क्लासांनी पुढचा तंबोरा तिथूनच आणावा. मिरज घाटापलीकडेच तर आहे.