पाताळगंगेचे मुख आणि माशांची पिल्ले

लोणावळा परिसरातील धरणांचे पाणी घाटाखाली उतरून टाटांच्या जलविद्युत केंद्राची चक्रे फिरवते आणि खोपोलीत पाताळगंगेला मिळते. १९१५ पासून हा क्रम सुरू आहे. कोकणातील बहुतेक नद्या उन्हाळ्यात डबक्यांपुरत्या उरतात. पाताळगंगा मात्र त्यामुळे बारमाही वाहते. या बारमाही पाण्याच्या भरवशावरच खालापूर तालुक्यात कारखानदारी वाढली. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली आणि तिचा कारखाना येथे उभा राहिला. तो कशाचा होता, हे रसायनी हे गावाचे नावच सांगते. त्या कारखान्याचे बहुतेक विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१७ मध्ये घेतला. मात्र १९८० च्या दशकात पाताळगंगा औद्योगिक क्षेत्रात पॉलिएस्टरचे मोठे उत्पादन सुरू झाल्यापासून या खोऱ्याचे नाव देशाच्या वस्त्रोद्योगाशी कायमचे जोडले गेले आहे.

रसायनीहून ही नदी खारपाड्याच्या पुलाखालून पुढे जाते. तेथे भरतीचे खारे पाणी तिला भेटते आणि धरमतरच्या खाडीतून ती मुंबई बंदराच्या तोंडाशी समुद्राला मिळते. (शेजारच्या कर्जतचे पाणी मात्र उल्हास नदीतून वसईच्या खाडीकडे जाते.) औद्योगिक पट्टा आणि माशांची जन्मभूमी यांच्यात इतके थोडे अंतर महाराष्ट्रात फार कमी नद्यांवर असेल.

खाडीमुखाला माशांचे पाळणाघर म्हटले जाते, ते अलंकार म्हणून नव्हे. गोडे आणि खारे पाणी मिसळते तेथे गाळाचे कण एकत्र येऊन जड होतात, पाणी गढूळ राहते, त्यातील सेंद्रिय द्रव्यावर प्राणिप्लवक पोसले जातात आणि त्या प्लवकांवर माशांची पिल्ले. मोठ्या माशांना या गढूळ, उथळ पाण्यात शिकार करणे अवघड जाते. तिवरांच्या मुळांमुळे आसराही मिळतो. बोईची पिल्ले येथे गाळ गाळून खातात, शिंगाळी तळ धुंडाळते आणि निवटी चिखलावर हिंडते. रायगडकरांचा मानबिंदू असलेला जिताडा खाऱ्या पाण्यात अंडी घालतो. त्याची पिल्ले भरतीबरोबर आत येतात आणि खाजणांत, खारजमिनीतील तळ्यांत वाढतात. पेण आणि अलिबागच्या खारपट्ट्यात शेतकरी पावसाळ्यात खाडीतून हेच बीज गोळा करून आपल्या तळ्यांत सोडत आले आहेत. जिताड्याचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे तो आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे अंडी घालणारी प्रत्येक मोठी मादी ही लहानपणीचे सारे धोके पार करून आलेली असते.

या धोक्यांत आता मायक्रोप्लास्टिकची भर पडली आहे. पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकच्या तुकड्यांना ही संज्ञा वापरतात. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या रिचर्ड थॉम्पसन यांच्या २००४ मधील शोधनिबंधानंतर ती रूढ झाली. पिशव्या, दोर, जाळी उन्हाने ठिसूळ होऊन त्यांचा भुगा होतो, तसेच कापडातून तंतू सुटतात. याच विद्यापीठाच्या २०१६ मधील प्रयोगात सहा किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुलाईतून सात लाखांहून अधिक तंतू बाहेर पडल्याचा अंदाज निघाला. म्हणजे नदीकाठच्या कारखान्यांकडे बोट दाखवून शहरवासीयांची सुटका होत नाही. खोपोलीपासून मोहोपाड्यापर्यंतच्या वसाहतींचे सांडपाणी हाही तंतूंचा उगम आहे. शिवाय बोरघाट उतरून येणाऱ्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर झिजणाऱ्या टायरांची भुकटी पहिल्या पावसाबरोबर ओढ्यांत जाते. टायरमधील एका रसायनापासून बनणारे द्रव्य अमेरिकेत कोहो सामन माशांच्या सामूहिक मृत्यूला कारणीभूत असल्याचे २०२० मध्ये सिद्ध झाले, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

पॉलिथिन आणि पॉलिप्रोपिलीन पाण्याहून हलके असल्यामुळे तरंगतात. पॉलिएस्टर जड असल्यामुळे तळाशी बसते. खाडीमुखात भरती-ओहोटी दोन्हींना घोळवत ठेवते. गाळ आणि प्लवक जेथे अडून राहतात, तेथेच हे कणही अडून राहतात. ब्राझीलच्या गोयाना नदीमुखातील अभ्यासात जाळ्यात सापडलेल्या मायक्रोप्लास्टिकचे प्रमाण माशांच्या अंड्यांइतके आणि पिल्लांच्या निम्मे आढळले. हवाईजवळच्या समुद्रात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचे चित्र अधिक गंभीर आहे. पृष्ठभागावर प्लवक जमा होणाऱ्या पट्ट्यांत प्लास्टिकच्या तुकड्यांची संख्या पिल्लांच्या सातपट होती आणि तेथील ८.६ टक्के पिल्लांच्या पोटात प्लास्टिक सापडले.

ही टक्केवारी लहान वाटेल. परंतु अंड्यातून निघालेल्या पिल्लाचे गणित वेगळे असते. जिताड्याचे पिल्लू जन्मतः जेमतेम दीड मिलिमीटरचे असते. सोबत आणलेला पीतक दोन-तीन दिवसांत संपत आला की त्याला पहिला घास मिळवावाच लागतो. तो घास असतो मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाचा सूक्ष्म जीव. या वयात पोटात बसलेला एखादा तुकडा म्हणजे हुकलेले जेवण, आणि एक-दोन जेवणे हुकली की पिल्लू उपासमारीच्या टप्प्यात जाते. मोठ्या माशाच्या पोटातून तोच तुकडा बहुधा विष्ठेवाटे निघून जातो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. माशांची पिल्ले खऱ्या अन्नापेक्षा प्लास्टिकच पसंत करतात, असा दावा स्वीडनमधील उपसाला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये 'सायन्स'मध्ये केला आणि तो जगभर गाजला. पुढच्याच वर्षी संशोधनातील गैरप्रकारामुळे तो निबंध मागे घेण्यात आला. त्याचे दाखले मात्र अजूनही अधूनमधून दिले जातात. प्रयोगशाळेतील अनेक चाचण्यांत निसर्गात आढळते त्याहून कितीतरी अधिक प्लास्टिक पाण्यात मिसळलेले असते, हेही विसरून चालणार नाही. पिल्ले प्लास्टिक गिळतात हे सिद्ध आहे. त्यामुळे एखाद्या खाडीतील मासळी किती घटली, हे अतिमासेमारी, भराव, तिवरांची तोड आणि रासायनिक सांडपाणी यांपासून वेगळे काढणे कठीण आहे. सर्व दोष प्लास्टिकच्या माथी मारणे इतरांच्या सोयीचेही ठरू शकते.

पाताळगंगेच्या बाबतीत कळीचा काळ पावसाळ्याचा. मँचेस्टर परिसरातील नद्यांच्या २०१८ मधील अभ्यासात, एका हिवाळ्यातील पुरांनी नदीतळात साठलेले सुमारे ७० टक्के मायक्रोप्लास्टिक वाहून नेल्याचे दिसले. आपल्याकडचा मोसमी पूर तर त्याहून किती तरी जोरकस. जुलै १९८९ मध्ये याच नदीचे पाणी पॉलिएस्टर कारखान्यात शिरले होते. आठ महिने तळाशी बसलेला ऐवज जून-जुलैच्या पहिल्या लोंढ्यांबरोबर खाडीत उतरतो, तेव्हाच अनेक माशांची वीण सुरू असते. या विणीसाठी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. माणसाची जाळी वर निघतात त्या दोन महिन्यांत नदी मात्र वर्षाचा कचरा पाळणाघरात ओतते.

पाताळगंगेचा समावेश केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत झाला, तो जैविक ऑक्सिजन मागणीच्या निकषावर. विरघळलेला ऑक्सिजन, सामू, ऑक्सिजन मागणी हे नेहमीचे निकष तंतू आणि तुकडे मोजत नाहीत. त्यामुळे हे आकडे सुधारले तरी नदी प्लास्टिकमुक्त झाली असे होत नाही. सांडपाणी प्रक्रिया केंद्रात बहुतांश कण पाण्यातून वेगळे होतात खरे, परंतु ते मैल्यात उतरतात. तो मैला शेतात किंवा उघड्यावर पडला की पुढच्या पावसात पुन्हा नदीत येतो. राज्याची २०१८ ची प्लास्टिकबंदी आणि १ जुलै २०२२ पासूनची एकदाच वापरायच्या वस्तूंवरील देशव्यापी बंदी यांनी पिशव्या आणि चमच्यांना हात घातला. कपड्यांच्या तंतूंना आणि टायरच्या भुकटीला नाही.

खाणाऱ्याच्या दृष्टीने फरक माशाच्या आकाराचा आहे. जिताड्याचे आतडे कोळीण काढूनच देते. जवळा आणि सुकट मात्र आपण पोटासकट खातो.

मोजणीसाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. मिलिमीटरच्या एक तृतीयांश छिद्रांचे प्लवकजाळे, एक होडी आणि सूक्ष्मदर्शक एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. खारपाड्याच्या पुलाखाली मेअखेरीस, पहिल्या पुरात आणि ऑगस्टमध्ये असे तीनदा जाळे ओढले, अंडी, पिल्ले आणि तुकडे वेगवेगळे मोजले आणि हेच खोपोलीच्या खाली व रसायनीच्या खाली केले, तर कोणता भार कोठे मिसळतो हे दोन-तीन पावसाळ्यांत दिसू लागेल.