दोन बटणांचा अँप्लिफायर

मिरजेच्या घराचा माळा आवरताना काकांचा अँप्लिफायर खाली उतरवला, तेव्हा त्याच्यावर जुन्या पंचांगांचा गठ्ठा होता आणि मागच्या जाळीत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं. पोटात तीन ट्रान्सफॉर्मर, त्यामुळे उचलायला दोन माणसं लागली. आत्या खुर्चीवर बसून बघत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पुसून घे, पण लगेच प्लग लावू नकोस. दादाला ते अजिबात चालायचं नाही."

काकांचं ते म्हणणं मलाही पाठ होतं. वर्षानुवर्षं बंद असलेल्या यंत्राला एकदम वीज देणं म्हणजे लंघनातून उठलेल्या माणसाला थेट पंक्तीला बसवणं, असं ते सांगत.

काका रेल्वेच्या तारखात्यात होते. अँप्लिफायर बांधायला ते कुठल्या वर्गात शिकले नाहीत. पुस्तकं, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचे दुकानदार आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या बाजारात आलेला लष्कराचा माल, हीच त्यांची शाळा. आयातीवर निर्बंध होते, परदेशी यंत्र परवडायचंही नाही. हौशी माणूस मग पत्रा स्वतः कापायचा, ट्रान्सफॉर्मर ओळखीच्या कारागिराकडून गुंडाळून घ्यायचा. मिरजेत आणखी एक सोय होती. शेजारी तंबोरे करणारे होते. पेटीचं लाकूड त्यांनी रंधलं, लाखेचं पॉलिश त्यांनीच दिलं, आणि आवाजाची दोन बटणंही त्यांनीच शिसवीत कातून दिली, तंबोऱ्याच्या खुंटीसारखी.

तळाचा पत्रा काढला तर आत पेन्सिलनं लिहिलेलं, '१९६९'. चार व्हॉल्व्ह: एक ईझेड८१, दोन ईएल८४ आणि एक ईसीसी८३, बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा शिक्का असलेला. या ईसीसी८३चं मला लहानपणापासून अप्रूप आहे. एकाच काचेत दोन बिऱ्हाडं! अर्धा व्हॉल्व्ह डाव्या बाजूचा आवाज वाढवतो, अर्धा उजव्या. काकांनी त्याचा असा उपयोग करून चार व्हॉल्व्हांत अख्खा स्टिरिओ बसवला होता. दोन वेगळ्या वाटांनी आवाज मुद्रित करण्याचं पेटंट ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्यानं १९३१ मध्येच मागितलं होतं, पण स्टिरिओ तबकड्या दुकानात यायला १९५८ उजाडलं. त्यानंतर अकरा वर्षांनी मिरजेच्या एका कौलारू घरात हा खोका तयार झाला, ही गोष्ट मला मोठी वाटते.

मी काम करायला बसलो की आत्या जवळ येऊन बसायची आणि तिच्या गोष्टी सुरू व्हायच्या. रेडिओचा परवाना दरवर्षी पोस्टातून नवा करून आणावा लागे, त्याच्या पुस्तिकेवर तिकिटं डकवत. १९५५च्या रामनवमीला, १ एप्रिलला, पुणे केंद्रावर गीतरामायण सुरू झालं तेव्हा ती तेरा वर्षांची होती. आठवड्याला एक गाणं, अशी छप्पन्न गाणी. शेजारच्या वाड्यात रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून बायका बसायच्या. सिनेमाची गाणी त्या काळात आकाशवाणीवर जवळजवळ नसायचीच. केसकर तेव्हा नभोवाणी मंत्री होते, त्यांना ती पसंत नव्हती. त्यामुळे बुधवारी रात्री आठला काका रेडिओ सिलोन लावून अमीन सयानींचा आवाज शोधत आणि आजोबा उठून ओट्यावर जात. आजोबांची दैवतं वेगळी होती. अब्दुल करीम खाँसाहेबांना त्यांनी मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात समोर बसून ऐकलं होतं. १९३७ मध्ये दक्षिणेत प्रवासात असताना खाँसाहेब गेले आणि त्यांना मिरजेत आणून त्याच दर्ग्यात दफन केलं, तो दिवस आजोबा शेवटपर्यंत सांगत. घरातल्या बहुतेक तबकड्या खाँसाहेबांच्याच.

ऐकता ऐकता माझे हात चालू होते. रेझिस्टन्सवरचे रंग वाचताना काकांनी पाढ्यासारखं म्हणून घेतलेलं ओठांवर आलं: काळा शून्य, तपकिरी एक, तांबडा दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात, करडा आठ, पांढरा नऊ. तपकिरी, काळा, पिवळा म्हणजे एक लाख ओहम. मीटर एक लाख अठ्ठावीस हजार दाखवत होता. कार्बनचे जुने रेझिस्टन्स वयाबरोबर असे चढतात. फार चढलेले तेवढे बदलले, बाकीचे राहू दिले.

मोठा फिल्टर कंडेन्सर आतून सुकला होता. तिथं जास्त क्षमतेचा घालावा असा मोह होतो, पण ईझेड८१ या रेक्टिफायरच्या पुढच्या पहिल्या कंडेन्सरची मर्यादा ५० मायक्रोफॅरड आहे. ती ओलांडली तर सुरू होताना व्हॉल्व्हवर ताण येतो. काकांचा ३२चा होता, मी ३३चा घातला. दोन पिनांचा प्लग काढून तीन तारांची केबल आणि फ्यूज बसवला, पत्र्याला अर्थिंग दिलं. काकांच्या कामात मी मनापासून बदल केला तो एवढाच. इथं जुनं जपायचं नसतं.

मग १०० वॅटचा दिवा सिरीजमध्ये लावला. आत कुठे शॉर्ट असेल तर दिवा भगभगून पेटतो आणि यंत्र वाचतं. आधी चारही व्हॉल्व्ह काढून ट्रान्सफॉर्मर तपासला, मग एकेक बसवला. दिवा क्षणभर उजळला आणि मंद झाला. व्हॉल्व्हांच्या पोटात नारिंगी ठिणगी धरली. मग दिवा काढून थेट वीज दिली. डाव्या ईएल८४च्या कॅथोडवर सव्वासात व्होल्ट होते, अगदी हवे तितके. उजव्यावर अकरा! ग्रिडवर मीटर टेकवला. तिथं शून्य हवं, होते सहा. कागदी कपलिंग कंडेन्सर गळत होता. मागच्या टप्प्यातला उच्च दाब तो झिरपू देत होता आणि बिचारा व्हॉल्व्ह तापून लाल व्हायच्या बेतात होता. तासभर चालू राहता तर गेलाच असता. वीज बंद केली, फिल्टरमध्ये उरलेला अडीचशे व्होल्टचा साठा रेझिस्टन्समधून उतरवला आणि दोन्ही बाजूंचे कागदी कंडेन्सर बदलले.

आता राहिली आवाजाची बटणं. स्टिरिओला एका दांड्यावरचा जोड कंट्रोल असतो, एका बटणावर दोन्ही बाजू सारख्या वाढतात. इथं दोन सुटे. मला वाटलं, तेव्हा जोड कंट्रोल मिळाला नसेल. मी नवा आणून ठेवला होता. मागे एक छोटा स्विच होता, त्याच्या बाजूला पेन्सिलनं 'एक' आणि 'दोन' लिहिलेलं, आणि तो 'एक'वर चिकटपट्टीनं बांधून टाकलेला. म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज. स्टिरिओ बांधून तो बंद का ठेवावा? त्यातून उजव्या शिसवी बटणाची नक्षी झिजून पार गुळगुळीत, डाव्याची जशीच्या तशी.

मी जुनी बटणं उपसायला घेतली आणि आत्या म्हणाली, "ते आईचं आहे."

मग तिनं सांगितलं. एक स्पीकर ओट्यावर होता, आजोबांजवळ. दुसरा भिंतीवरून तार नेऊन स्वयंपाकघरात, फडताळावर. तबकड्या सगळ्या एकपदरी, त्यामुळे स्टिरिओचं कुणाचंच अडत नव्हतं. पण आजीचा स्टोव्ह पंपाचा. तो पेटला की त्याच्या फरफराटात गाणं ऐकू यायचं नाही. स्टोव्ह पेटला की आतून आजीचं "अहो" यायचं आणि आजोबा उठून उजवं बटण वाढवायचे. विझला की परत कमी करायचे. ओट्यावर त्यांना आवाज बेताचाच लागायचा. "दादानं दोन कंट्रोल मुद्दाम घातले. आई कधी बाहेर येऊन गाणं ऐकत बसली नाही, म्हणून गाणं आत नेलं त्यानं."

नवा जोड कंट्रोल मी डब्यात परत ठेवला. जुने दोन्ही उघडले. उजव्याच्या आतला कार्बनचा पट्टा एका ठरावीक टप्प्यात घासून चकचकीत झाला होता, बाकी काळाच होता. दोन्ही साफ केले आणि जागच्या जागी बसवले.

खाँसाहेबांची भैरवी लावली. ७८च्या तबकडीची एक बाजू, तीन-सव्वातीन मिनिटं. एक स्पीकर ओट्यावर, एक स्वयंपाकघरात. आत्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली आणि तबकडी संपल्यावरही लगेच बाहेर आली नाही.

तुमच्या माळ्यावर असा खोका असेल तर आधी सिरीज दिवा लावा. आणि तो चालू असताना ऐकलेलं कुणी घरात असेल, तर एकही तार कापण्याआधी त्यांना बटणांबद्दल विचारा. याच आठवड्यात विचारा. आमची आत्या आता त्र्याऐंशी वर्षांची आहे.