उशिरा निघणारे न्यूट्रॉन

मोठ्या शोधांचा गाजावाजा फार होतो. परंतु ज्या लहानशा गोष्टीमुळें तो शोध मनुष्याच्या आवांक्यांत राहतो, तिच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. युरेनियमच्या अणुगर्भाच्या भंजनाची कथा अशीच आहे.

१९३८ च्या अखेरीस बर्लिन येथें ऑटो हान व फ्रिट्झ स्ट्रासमान यांना न्यूट्रॉनांचा मारा केलेल्या युरेनियममध्यें बेरियम आढळलें. लीझे माइट्नर व ऑटो फ्रिश यांनीं त्याचा अर्थ लाविला : अणुगर्भ दुभंगला होता. १९३९ च्या जानेवारींत नील्स बोर यांनीं ही वार्ता वॉशिंग्टन येथें सांगितली. तेथील कार्नेगी संस्थेंत रॉबर्ट्स, मायर व वँग यांनीं प्रयोग केले, तों त्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. मारा थांबविल्यावरही कित्येक सेकंदपर्यंत युरेनियममधून न्यूट्रॉन बाहेर पडतच होते.

हे येतात कोठून? जड अणुगर्भांत प्रोटॉनांच्या मानानें न्यूट्रॉन पुष्कळ असतात. तो दुभंगला म्हणजे हें आधिक्य तुकड्यांच्या वांट्यास येतें. नित्याच्या ब्रोमीनमध्यें ३५ प्रोटॉन आणि ४४ किंवा ४६ न्यूट्रॉन असतात. भंजनांतून निघणाऱ्या ब्रोमीन-८७ मध्यें मात्र ५२. हा बोजा त्याला सोसवत नाहीं. सुमारें ५६ सेकंदांत असे निम्मे अणु इलेक्ट्रॉन टाकून क्रिप्टॉन बनतात. आणि शंभरांतून दोन-तीन वेळां तो क्रिप्टॉन इतका क्षुब्ध असतो कीं, एक न्यूट्रॉनही फेकून देतो.

युरेनियम-२३५ च्या भंजनांत असे उशिराचे न्यूट्रॉन हजारीं सुमारें साडेसहाच. बाकीचे तत्क्षणीं निघतात. साखळी केवळ त्यांच्यावर चालती, तर अणुभट्टीचा जोर पाहतां पाहतां अनावर झाला असता. उशिराच्यांची वाट पाहावी लागते, म्हणून तो सावकाश चढतो. म्हणूनच २ डिसेंबर १९४२ रोजीं शिकागो येथें एन्रिको फर्मी यांच्या देखरेखीखालीं, कॅडमियमचा दांडा हातानें थोडथोडा ओढून, पहिली भट्टी चालवितां आली. म्हणूनच ४ ऑगस्ट १९५६ रोजीं तुर्भ्याची ‘अप्सरा’ सुखरूप सुरू झाली. २६ एप्रिल १९८६ रोजीं चेर्नोबिल येथें तत्क्षणींच्या न्यूट्रॉनांवरच साखळी धांवूं लागली. मग आवरण्यास अवधि उरला नाहीं.

शाळेंत उशिरा येणाऱ्या मुलांना आम्ही शिक्षक वर्गाबाहेर उभे करीत असूं. अणुभट्टीचा सारा संसार मात्र या मूठभर उशिरा येणाऱ्यांच्या भरंवशावर चालतो.