मावळ म्हणजे नेमकं कुठलं? अभ्यासक्षेत्र ठरवण्याआधी थोडा इतिहास

संशोधनाच्या आराखड्यात 'अभ्यासक्षेत्र' नावाचा एक रकाना असतो. बहुतेक जण तिथे तालुक्याचं नाव टाकतात, नकाशा चिकटवतात आणि पुढे जातात. मीही तसंच केलं होतं. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, "मावळ म्हणजे नेमकं कुठलं?" मला उत्तर देता आलं नाही. ते शोधताना जे हाती लागलं, ते आज लिहितोय. तुमचा विषय वेगळा असेल, पण हा रकाना तुम्हालाही भरायचाच आहे.

लोणावळ्यापासून सुरुवात करू. इथली नगरपरिषद १८७७ सालची. म्हणजे 'हे शहर आहे' असं सांगणारा कागद दीडशे वर्षांचा व्हायला आला. पण हद्दीतल्या भागांची नावं वाचून बघा: नांगरगाव, गवळीवाडा, वलवण, तुंगार्ली, भुशी, खंडाळा. ही गावावाड्यांची नावं आहेत. शहर त्यांच्यावर नंतर आलं, आणि ते घाटामुळे आलं. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला. १८५८ मध्ये पुण्याकडून रेल्वे खंडाळ्यापर्यंत पोचली, पण घाटातला लोहमार्ग पुरा व्हायला १८६३ उजाडलं. तोवर मधला टप्पा प्रवासी पालखीतून, घोड्यावरून नाहीतर बैलगाडीने पार करत. रेल्वेचे कामगार आले, इंजिनं आली, मुंबईच्या उकाड्याला कंटाळलेली माणसं आली आणि नगरपालिका झाली. आजूबाजूची शेती मात्र होती तिथेच होती.

ती किती जुनी? कार्ल्याच्या लेण्यांत सातवाहनकाळातला एक शिलालेख आहे. त्यात 'मामाल' इथल्या अमात्याला दिलेली आज्ञा आहे: करजक नावाचं गाव वलूरक लेण्यांतल्या भिक्षूंना दिलं आहे, त्याला 'भिक्षुहल' म्हणून सवलती लागू कराव्यात. मामाल म्हणजेच मावळ, असं अभ्यासक मानतात. 'हल' म्हणजे नांगर. लेणी बघायला जाणारे आपण शिल्पं बघून परत येतो. पण मावळाचा हा एवढा जुना कागद, खरं तर दगड, जमीन-महसुलाचा आहे.

आता जमिनीकडे या. मावळात दोन प्रकारची शेती शेजारी-शेजारी चालते. सखल भागात बांध घातलेली भातखाचरं आणि उतारावर वरकस जमीन, जिथे नाचणी, वरई घेतात. भाताच्या रोपांसाठी शेतकरी राब भाजतो. जमिनीच्या छोट्या तुकड्यावर शेण, फांद्या, पालापाचोळा, गवत आणि वर माती असे थर देऊन पावसाळ्याआधी पेटवतो. तणाचं बी जळतं, राखेतून पोटॅश, स्फुरद मिळतं. पण या फांद्या आणि पाला येतो कुठून? वरच्या रानातून. म्हणजे खाचर आणि रान हे एकाच शेतीचे दोन भाग. १८७८ च्या वन कायद्यानंतर सरकारने रानाभोवती रेघ आखली आणि इलाख्यातल्या भातपट्ट्यांत राबासाठी झाडं छाटण्यावरून वाद सुरू झाले. सरकारने इंग्लंडहून बोलावलेले रसायनतज्ज्ञ व्होल्कर यांनाही आपल्या १८९३ च्या अहवालात राबाची चर्चा करावी लागली. वनखात्याच्या नोंदी वाचल्या तर हे जंगलाचं नुकसान दिसतं, शेतकऱ्याच्या बाजूने बघितलं तर बियाण्याची तयारी. फक्त एकच दप्तर वाचणारा संशोधक इथे फसतो.

दुसरी रेघ पाण्याची. टाटांच्या जलविद्युत योजनेची कोनशिला फेब्रुवारी १९११ मध्ये वलवणला बसली. लोणावळा, वलवण, शिरवता इथल्या तलावांत साठवलेलं पाणी नळांतून पाचशे मीटरहून जास्त खाली खोपोलीला सोडायचं आणि त्यावर वीज करायची, अशी ही योजना. १९१५ पासून ती वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. बघा काय झालं: जे पाणी इंद्रायणीतून भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला जायचं, ते पाताळगंगेतून अरबी समुद्राकडे वळलं. १९२२ मध्ये आंद्रा खोऱ्यातल्या ठोकरवाडीचं पाणीही असंच भिवपुरीला उतरलं. शेजारच्या मुळशीत बुडणाऱ्या गावांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला, सेनापती बापट त्याचे नेते. पाऊस मावळाचा, खाचर मावळचं, वीज मुंबईची.

हे जुनं झालं असं वाटत असेल तर पुढचं वाचा. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळाने पाणी न्यायचं ठरलं. सध्या ते नदीतून वाहत जातं आणि काठावरचे शेतकरी त्यावर शेती करतात. नळ झाला की नदी आटेल, ही त्यांची भीती. धरणग्रस्तांचं पुनर्वसनही रखडलेलं. ९ ऑगस्ट २०११ ला बौर इथे द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं. पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मेले. प्रकल्प थांबवावा लागला.

तिसरी रेघ गाव आणि शहर यांच्यातली. जनगणनेत नगरपरिषद असलेली जागा आपोआप 'नागरी' धरतात. नगरपरिषद नसेल तर तीन अटी असतात: किमान ५,००० लोकसंख्या, चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर. ७४व्या घटनादुरुस्तीने 'नगरपंचायत' हा प्रकार आणला, तो ग्रामीणातून नागरी होत असलेल्या भागासाठी. तालुक्याचं ठिकाण असलेल्या वडगावला २०१८ मध्ये ती मिळाली. याच वडगावच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये 'इंद्रायणी' भात आला, आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून. आज तो तांदूळ पुण्या-मुंबईच्या दुकानांत नावाने मागतात. मग वडगाव शेतीचं की शहराचं?

या सगळ्यातून मी तीन गोष्टी शिकलो.

एक, सरासरीपासून सावध राहा. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तीसेक किलोमीटरवरच्या तळेगावात हजार-बाराशे. 'मावळ तालुक्याचा सरासरी पाऊस' हा आकडा कुठल्याच शेतात पडत नाही.

दोन, नोंदी एका ठिकाणी नसतात. घरपट्टी आणि बांधकाम परवाने नगरपरिषदेत, सातबारा आणि पीकपाहणी महसूल खात्यात, झाडं वनखात्यात, तलाव कंपनीकडे. एकाच उताराच्या चार फायली चार कचेऱ्यांत असतात. आपलं काम त्या एका टेबलावर आणायचं. पीकपाहणीत 'पड' लिहिलेली जमीन गेल्यावर्षी बंगल्यासाठी विकली गेली का, हे दोन फायली शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

तीन, प्रश्न आधी, हद्द नंतर. प्रश्न घरपट्टीचा असेल तर नगरपरिषदेची हद्द बरोबर. प्रश्न भाताचा असेल तर ती हद्द घेऊन काहीच हाती लागणार नाही, कारण खाचराचं पाणी हद्दीबाहेरून येतं.

माझ्या आराखड्यात आता त्या रकान्यात लिहिलंय: "इंद्रायणीचं वरचं पाणलोट क्षेत्र, घाटमाथ्यापासून वडगावपर्यंत, नगरपरिषद, नगरपंचायत आणि ग्रामपंचायतींच्या हद्दी मिळून." ओळ लांबली, रकान्यात मावत नाही. मार्गदर्शकांनी मात्र या वेळी खाली सही केली.